दाराचं कुणी विचारलं?

...आणि पाच तारे! पाचच्या पाच! नाही, तुम्हीच सांगा भाऊ, माणसानं रागवायचं तरी कुणावर? सख्खी आई आहे हो माझी! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर... मान सरळ, कानाजवळ आहे मी... दुसऱ्या कुणी केलं असतं तर चार शब्द सुनावले असते, पण आईला काय सुनावणार? आज सकाळचीच गोष्ट, दुकान उघडायच्या आधीची, अजून डोकं तापलेलं आहे माझं, म्हणून म्हणतो हलू नका, हातात कात्री आहे. ज्या दारापायी ही म्हातारी घरात अडकून पडते ना, ते दार त्या मिस्त्रीनं तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा आवळून घट्ट केलं, आणि त्याला हिनं पाच तारे दिले! वर चहा! वर "येत जा अधूनमधून"!

थांबा, तुम्हाला मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, न्हाव्याचं डोकं फिरलंय आणि आपलं त्याच्या हातात आहे. आम्ही राहतो मंडळाच्या घरात. ती बेताच्या कमाईवाल्यांना भाड्यानं दिलेली घरं असतात ना, तीच. चार इमारती, मधे अंगण, अंगणात एक बाक. मालक म्हणजे मंडळ. आता मालक माणूस असला की बरं असतं हो, दारात उभं राहून भांडता येतं, गेला बाजार त्याच्या बायकोला गाठून रडगाणं तरी गाता येतं. मंडळाला कुठली बायको? मंडळाला फोन नंबर आहे. आणि तो लावला की आधी एक बाई बोलते, खरी नाही, टेप केलेली, मधात बुडवून काढलेला आवाज: "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." आणि मग गाणं लागतं. इतका वेळ लागतं, इतका वेळ लागतं, की मला आता ते सुरासकट पाठ आहे, मधेच गिऱ्हाइकाची दाढी करताना गुणगुणतो मी!

तर आमच्या इमारतीचं खालचं दार. पूर्वी कसं होतं, वारा आला की धाडकन आपटायचं. पहिल्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहतात, त्यांची शिकवणी असते, बिचाऱ्यांनी सूर लावावा आणि खालून धाड! त्यांनी मंडळाला कळवलं. बरोबरच आहे, कळवायलाच हवं. मंडळानं काय केलं? दाराच्या डोक्यावर तो लोखंडी हात असतो बघा, दार आपोआप बंद करणारा, स्प्रिंगचा, तो बसवला. आणि बसवला म्हणजे कसा बसवला? बँकेच्या तिजोरीला बसवावा तसा! शेजारी भिंतीवर फळा लावला, वर मोठ्या अक्षरांत 'तुम्ही म्हणालात, आम्ही केलं'. खाली: 'तुम्ही म्हणालात, दार आपटतं. आम्ही केलं, आता आपटत नाही.' खरंच आहे! आपटत नाही! कारण आपटायला आधी उघडावं लागतं ना!

आई माझी ऐंशीला टेकलेली. खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय, "आजी, रोज चालायचं, नाहीतर पाय आखडतील आणि मग खाट धरावी लागेल." खाट या शब्दाला आई जेवढी घाबरते तेवढी यमालाही घाबरत नाही. आम्ही तळमजल्यावरच राहतो, जिना नाही, पायरी नाही, फक्त ते एक दार. पलीकडं बाक. बाकावर समोरच्या इमारतीतली मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दुपारी येऊन बसते. दोघींनी अंगणात दोन फेऱ्या मारायच्या, मग बसून अख्ख्या जगाची हजेरी घ्यायची, एवढंच आईचं आयुष्य उरलंय. पण दार आतून ओढायचं! एका हातात काठी, दुसऱ्या हातानं मूठ धरून ओढायचं, आणि ते वीतभर उघडून हिलाच परत आपल्याकडं खेचून घेतं. बायको तिच्या कामावर, मी इथं तुमच्या डोक्याशी, मग करणार काय?

आता तुम्ही म्हणाल, शेजाऱ्याला हाक मारावी. आई? आणि हाक? अहो, ऑपरेशनच्या वेळी स्ट्रेचर ढकलणाऱ्याला म्हणाली होती, "तुम्ही राहू द्या, मी जाते." ती काय करते सांगू? काठी टेकत टेकत दारापाशी जाते आणि तो फळा वाचत उभी राहते. वाचत म्हणजे नुसतं सोंग हो! रोज तोच फळा! कुणीतरी येईपर्यंत वाचायचं, मग कुणी दार उघडलं की एकदम दचकल्यासारखं करून, "अगंबाई, मीसुद्धा निघालेच होते!" म्हणत त्याच्या मागून सटकायचं. कधी लगेच येतं कुणी, कधी तास जातो. आणि पलीकडं मावशी बाकावर बसून दाराच्या काचेतून हिला बघत असते, तिचे गुडघे गेलेले, तिला स्वतःलाच बाकावरून उठायला मुहूर्त लागतो. दोघी बहिणी, मधे एक दार, आणि काचेतून एकमेकींना हात हलवतात. हे मी स्वतः पाहिलं भाऊ, एकदा दुपारी डबा विसरला म्हणून घरी गेलो होतो तेव्हा.

मग मी काय केलं? दाराला वीट लावली. सोपं! दुसऱ्या दिवशी वीट गायब, फळ्यावर नवा कागद: 'तुमच्या सुरक्षिततेसाठी अडथळा हटवला.' आणि संध्याकाळी मोबाइलवर प्रश्न: 'अडथळा हटवण्याच्या कामाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?' माझीच वीट! मलाच विचारतायत! तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे!

मग लावला फोन. गाणं ऐकलं. खरी बाई आली. मी म्हटलं, दाराची तक्रार आहे. "दार बंद होत नाही का सर?" बंद होतं हो, उघडत नाही. "अजिबात उघडत नाही?" उघडतं, पण आईला उघडत नाही. "बाकीच्यांना उघडतं ना सर?" बाकीच्यांना उघडतं. "म्हणजे दार चालू आहे सर." अहो बाई, म्हटलं, दार चालू आहे, आई बंद आहे! तर ती बिचारी हळूच म्हणते, "सर, माझ्यापुढं चारच पर्याय आहेत. दार आपटतं, दार बंद होत नाही, दार मोडलंय, किल्ली हरवली. 'आईला उघडत नाही' असं टाकायला जागाच नाहीये हो." मग? "मी 'दार बंद होत नाही' टाकते, निदान माणूस तरी येईल." आता आहे का नाही सज्जन? फोन ठेवताच टेपवाली बाई आली, "आमच्या प्रतिनिधीशी बोलून कसं वाटलं, एक ते पाचमध्ये सांगा." मी दाबले पाच. तिचा काय दोष? दमलेली वाटली हो आवाजावरून.

कल्ले ठेवू की काढू? ...ठेवतो.

आला मिस्त्री. चांगला बाप्या माणूस, मिशा अशा, दंड असे, हे माझे दोन मिळून त्याचा एक. हातातला कागद वाचला, "दार बंद होत नाही." दार उघडलं, सोडलं, धप्प. "बंद होतंय की!" मी म्हटलं, होतंयच. "मग तक्रार काय?" उघडत नाही. त्यानं एका बोटानं उघडलं! "उघडतंय की!" अहो, तुम्हाला उघडतंय, आईला नाही! त्यानं आईकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. "पण इथं तर लिहिलंय, बंद होत नाही." आणि तुम्हाला सांगतो, कळवळ्याचा माणूस, आलोच आहे तर म्हणून स्टुलावर चढला आणि स्प्रिंग अजून थोडी आवळून गेला! जाताना ती पाटी काढली, टॅब, त्यावर पाच तारे. "आजी, जरा बोट लावा. चारच्या खाली आलं की आम्हाला ऑफिसात बोलावून समोर बसवतात आणि विचारतात, काय चुकलं तुमचं." आई म्हणाली, "अगंबाई, एवढ्या मोठ्या माणसाला?" आणि लावलं बोट. पाच!

मी म्हटलं, आई, काय केलंस! तर म्हणते, "माणूस चांगला होता. पायपुसण्याला पाय पुसून आत आला."

आता यात मला नवीन काही नाही बघा. मी पण रोज हेच करतो की! केस कापून झाले की मागून आरसा धरतो, कसं झालंय? आजवर एकानं, एकानं तरी 'वाईट' म्हटलंय? सगळे 'छान, छान'! ज्याला नाही आवडत तो पण 'छान' म्हणतो, उठतो, आणि परत कधी फिरकत नाही, तेव्हा मला कळतं. पण गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं. भाडेकरू कुठं जाणार हो? तो 'छान' म्हणून त्याच दारातून आत जातो.

आणि आईच कशाला, अख्खी इमारत तसलीच! वरच्या शिंपीणबाईंच्या न्हाणीघराचं छत गळतं, मिस्त्री येतो, बादली सरकवून बघतो, "सामान मागवावं लागेल" म्हणतो, पाच तारे! रखवालदाराच्या खिडकीला तावदान नाही, पुठ्ठा आहे, पाच तारे! सगळ्यांना एकच, नको बाबा, कुणाच्या पोटावर पाय नको. भिडेपायी मेलेली माणसं आम्ही.

मग मंडळानं काय ठरवलं? नुसते तारे नकोत, लोकांशी समोरासमोर बोलायचं. सभा! पलीकडच्या इमारतीत, हॉलमध्ये. एक मॅडम आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात रंगीत कागदाचे तुकडे, "प्रत्येकानं आपल्या मनातलं एका चिठ्ठीवर लिहून भिंतीवर चिकटवायचंय, मोकळेपणानं हं! तुमचं मत आमच्यासाठी..." मोलाचं आहे, मोलाचं आहे, अख्खा हॉल एका सुरात म्हणाला! मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दार जड आहे'. मॅडमनी वाचलं, भिंतीवर कप्पे केलेले होते, स्वच्छता, रंगरंगोटी, सुरक्षितता, त्यांनी ते सुरक्षिततेत चिकटवलं आणि म्हणाल्या, "छान! म्हणजे दार भक्कम वाटतंय रहिवाशांना." अहो, भक्कम नाही, जड! "वेळ थोडा आहे, आपण पुढं जाऊया का?" आणि पुढं गेल्या, जिन्याच्या रंगावर. निळा की हिरवा. त्यावर जी जुंपली, जी जुंपली, दोन मामा एकमेकांशी अजून बोलत नाहीत.

पण खरी गंमत पुढंच आहे. गंमत कसली डोंबलाची... मी घरी आलो तर आई दारात. आत. नवी साडी, केस विंचरलेले, काठी हातात. फळ्यासमोर उभी. म्हटलं, आई, तू इथं काय करतेस? म्हणते, "सभेला निघाले होते. बोलणार होते दाराचं. पण आज कुणी आलंच नाही रे उघडायला." येणार कोण? सगळी इमारत सभेला! भाडेकरूंचं मत ऐकायला सगळे तिकडं, आणि जिच्या मताची गरज ती इकडं काचेमागं उभी, पाय सुजलेले. मला इतकं वाईट वाटलं भाऊ, मी तिला नुसतं खुर्चीवर बसवलं आणि पाय चेपले. आठवड्यानं फळ्यावर सभेचा अहवाल लागला. त्यात एक ओळ: 'वयस्कर रहिवाशांकडून कोणतीही तक्रार आली नाही.'

डोकं जरा खाली... हां.

आणि त्यानंतर बातमी! आमची इमारत पहिली आली! चारही इमारतींत नाही, मंडळाच्या यच्चयावत इमारतींत! सगळ्यात समाधानी रहिवासी! दुरुस्तीचा निधी कुणाला? जे रडतात त्यांना. आम्हाला काय? प्रशस्तिपत्र! मोठ्या चौकटीत, काच लावलेलं, आणि ते द्यायला खुद्द मोठे साहेब येणार, ते आमच्या दारामागच्या भिंतीवर टांगणार.

आले. आम्ही सगळे अंगणात उभे. साहेब गाडीतून उतरले, ती चौकट दोन्ही हातांत, छातीशी धरलेली, हा एवढा पसारा, फोटोवाला मागं. दारापाशी गेले. दोन्ही हात अडकलेले, म्हणून खांद्यानं ढकललं. दार हललं, आणि परत आलं. पुन्हा ढकललं. परत आलं. आता खरं म्हणजे आमच्यातल्या कुणीतरी पुढं व्हायला हवं होतं. पण तुम्हाला सांगतो, ठरवलेलं नव्हतं, आईशप्पथ ठरवलेलं नव्हतं, पण एक माणूस जागचा हलला नाही! शिंपीणबाई नाही, रखवालदार नाही, मी नाही. गाण्याच्या बाईसुद्धा वर बघत उभ्या, ढग मोजत असल्यासारख्या. साहेबांनी दम धरून जोर लावला, अर्धे आत गेले आणि अडकले, पोट आत, पाठ बाहेर, चौकट मधे. आणि काचेच्या पलीकडं, फळ्यासमोर, कोण? आई! "तुम्ही व्हा पुढं, मी येते" म्हणून मागं राहिली होती, आणि ही रोजची वेळ तिची!

आई म्हणाली, "एकदम जोर करू नका. हळूहळू रेटायचं असतं. दमलात तर थांबा, येईल कुणीतरी, मी रोज अशीच उभी असते."

साहेब म्हणाले, "रोज?"

"रोज."

"आजी, मग तुम्ही सांगितलं का नाही? आम्ही तर सतत विचारत असतो!"

आई म्हणाली, शांतपणे हो, राग नाही, टोमणा नाही: "मिस्त्री चांगला आहे का विचारलंत, मी सांगितलं चांगला आहे. फोनवरची मुलगी गोड बोलली का विचारलंत, माझ्या मुलानं सांगितलं गोड बोलली. जिना निळा हवा की हिरवा ते विचारलंत. दाराचं कुणी विचारलं?"

साहेबांचं तोंड असं झालं... फोटोवाल्यानं तेवढ्यात टिपला तो फोटो, नंतर कुठं दिसला नाही. अडकल्या जागेवरूनच ओरडले, "मिस्त्रीला बोलवा!" मिस्त्री आला, स्टुलावर चढला आणि स्क्रू फिरवला. एक स्क्रू! अर्धा आटा! झालं! साहेब सुटले, दार हलकं झालं, आणि आईनं काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं मूठ धरली, ओढली... आणि आली बाहेर. एकटी. पलीकडं मावशी बाकावरून उठून उभी राहिलेली, कुणाच्या मदतीशिवाय! मला रडू आलं हो, खोटं कशाला बोलू, सगळ्यांसमोर आलं. साहेब पण चष्मा पुसत होते.

मग पंधरवडाभर काय सुख! आई मनात आलं की बाहेर, मनात आलं की आत. दारावर हात फिरवून जायची. फळ्यावर नवा कागद: 'तुम्ही म्हणालात, दार जड. आम्ही केलं, हलकं.'

आणि मग वारा सुटला.

धाड! गाण्याच्या बाईंचा सूर गेला. बाईंनी कळवलं. का कळवू नये? त्यांचंही मत मोलाचंच की! आणि त्यांच्या तक्रारीला पर्याय होता ना, 'दार आपटतं', पहिलाच! झालं, आज सकाळी मिस्त्री हजर. स्टुलावर चढला, आवळला तो आटा, आणि या खेपेला त्यावर टोपण बसवलं, कुलपाचं, किल्ली त्याच्या खिशात, म्हणजे मी काही उद्योग करायला नको. खाली उतरला, मान खाली, म्हणतो, "आजी, मला कळतंय हो. पण कागदावर हेच लिहिलंय." आणि टॅब पुढं केला.

आणि आईनं दिले पाच!

मी भडकलो. म्हटलं, आई, तुला काही वाटतं का? दार बंद झालं तुझं! खाट धरायचीय का तुला? आज तरी एक तारा द्यायचास! हा माणूस चांगला आहे, मान्य, पण किती दिवस चांगुलपणा करणार?

तर आई म्हणाली, चहाचा कप विसळता विसळता म्हणाली, "अरे, चांगुलपणा कसला? एक तारा दिला तर कोण येईल? हाच मिस्त्री येईल. साहेब कुठं येतात? जिथं सगळे खूश असतात तिथं. पुन्हा आपला पहिला नंबर आला की येतील बक्षीस घेऊन. आणि येतील ते दारातूनच येतील ना? मी असेन आत उभी."

आता बोला! तिनं वरच्या शिंपीणबाईंनासुद्धा निरोप धाडलाय, छत गळू दे, पाचच द्या. मी मुकाट्यानं माझ्या नावाचे पाच दाबले, दुकानाची किल्ली घेतली आणि निघालो. मागं वळून बघितलं तर काचेआड आई फळा वाचत उभी.

...हां, झालं. हा घ्या आरसा, मागून बघा. कसं झालंय? ...छान? ...नीट बघा हो भाऊ, डावीकडं बोलता बोलता जरा जास्तच गेलंय माझ्याकडून, टक्कल दिसतंय तिथं! दिसतंय ना? दिसतंय? मग छान कशाला म्हणता? ...राहू दे. राहू दे. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.